सौरपंपाला वेळेची अट नाही

संत्र्याच्या आंबिया बहराचा वास लोकांना आवडतो. माघ लागला की आर्वीकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडक्या उघड्या ठेवून माणसं तो वास छातीत भरून घेतात आणि डोळे मिटून गप्प बसतात. माझ्या मात्र त्या वासाने तळपायाची आग मस्तकात जाते. गेल्या आठवड्यात एसटी रोहण्याच्या अलीकडे आली, वास आत शिरला, आणि शेजारी बसलेल्या बाईने मला विचारलं, ताई, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, तब्येत बरी आहे, एका माणसाची आठवण आली. तिने हळहळून मान हलवली. तिला वाटलं असणार, कोणी देवाघरी गेलेलं माणूस असावं. माणूस चांगला धडधाकट आहे, तेच तर दुःख आहे.

त्या माणसाला सगळं गाव नाना म्हणतं. मीही नानाच म्हणते. गावाचं नाव इथे सांगत नाही, कारण दोष गावाचा नाही. नानांची संत्र्याची बाग गावाच्या वरच्या अंगाला आहे, आणि गावातल्या पाणी समितीचे ते कितीतरी वर्षं अध्यक्ष होते. पांढरा पायजमा, हातात घडी केलेला दुपट्टा, बोलणं मऊ. त्यांनी एकदा जरी माझ्यावर आवाज चढवला असता, तरी माझं काम सोपं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. समोर बसवून संत्रं सोलून देणाऱ्या माणसाचं काय करायचं?

मी तेव्हा वर्ध्याच्या एका लहानशा संस्थेत कामाला होते. सेवाग्रामच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं ऑफिस, धक्का मारल्याशिवाय सुरू न होणारी एक जीप, आणि आम्ही पाच-सहा जण. उन्हावर चालणारी साधनं खेड्यात आणायची, बुजलेले नाले मोकळे करायचे आणि शाळाशाळांतून ऊर्जेचा तास घ्यायचा, असं काम. माझ्या पिशवीत वहीएवढं एक सौरपॅनल असायचं आणि त्याला जोडलेला खेळण्यातला पंखा. पॅनलच्या एका कोपऱ्यावर मी बोट ठेवायचे आणि आख्खा पंखा सुस्त व्हायचा. मुलं आपापली बोटं ठेवून पाहायची, आणि एवढीशी सावली सगळ्या पॅनलचं काम बिघडवते हे त्यांना कायमचं कळायचं. शाळेच्या ओट्यावर सूर्यचुलीची काळी पेटी मांडून पहिल्या तासाला तिच्यात डाळ-तांदूळ ठेवायचे. मधल्या सुटीपर्यंत खिचडीचा वास वर्गात यायचा. मला ते सगळं मनापासून आवडायचं. ऊन हे माझं दैवत होतं म्हटलं तरी चालेल.

माझं माहेर हिंगणीचं, घरी भाजीपाला. त्यामुळे पाणी म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. मिरचीच्या रोपाला तांब्यातांब्याने पाणी घालत मी वाढले. म्हणूनच त्या गावचा नाला पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो नाला वाटलाच नाही. नानांच्या बागेच्या मागून तो निघतो, गावाला वळसा घालतो आणि खालच्या मोहल्ल्याच्या विहिरीपाशी येतो. खालचा मोहल्ला म्हणजे बौद्ध वस्ती. तिथे विहिरीलगत बायकांचे भाजीचे लहान लहान तुकडे होते, पण विहीर पौषातच तळ दाखवायची. नाल्यात गाळ साचलेला, त्यात माणसाच्या उंचीचं बेशरमाच्या झुडपांचं रान माजलेलं, आणि जागोजागी लोकांनी आणून टाकलेला कचरा.

तो नाला खालच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी दोन उन्हाळे खपून मोकळा केला. वरच्या आळीतून एक दिवस ट्रॅक्टर आला होता, त्याचे फोटो आमच्या ऑफिसच्या भिंतीवर पुष्कळ वर्षं होते. बाकी सगळे दिवस घमेली होती आणि डोकी होती. सगळ्यात पुढे वच्छलाबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने काटक, बोलायला मोजक्या. बेशरमाची मुळं उपटताना त्यांच्या तळहातांची सालं निघाली होती, आणि त्यावर हळद लावून त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पाणी मोजायची त्यांची पट्टी म्हणजे त्यांचा स्वतःचा पाय. घोटाभर, पोटरीभर, गुडघाभर. आमच्या इंजिनियरने आणलेली रंगवलेली काठी नाल्यात उभी असायची, पण लोक पाणी विचारायचे ते वच्छलाबाईंना.

पुढचा पावसाळा गेला, थंडी गेली, माघ अर्धा झाला, तरी नाल्यात पोटरीभर पाणी होतं. ते वाहत नव्हतं, नुसतं थांबलेलं होतं, आणि त्याच्यावर पलीकडच्या पळसाची पहिली फुलं पडलेली होती. खालची विहीर भरलेली. वच्छलाबाईंच्या तुकड्यात मेथी, पालक, वांगी आणि सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि हिवाळ्याच्या शेवटच्या थंडीतल्या ताज्या सांबाराला जो वास असतो तो वर्षभर पुन्हा मिळत नाही. मी परत निघाले की वच्छलाबाई एक मोठी जुडी ओल्या फडक्यात बांधून माझ्या पिशवीत कोंबायच्या. वर्ध्यापर्यंत एसटीत त्याचा वास दरवळायचा. माघाचे माझ्या लेखी दोन वास आहेत, त्यांतला हा माझा. दुसरा नानांचा.

पाणी आलं, आता ते राखायला हवं म्हणून समितीने नियम करायचं ठरवलं, आणि अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. डिझेलचं इंजिन नाल्याकाठी लावायचं नाही. विजेची मोटर सकाळी दोन तास. ऊस कोणी लावायचा नाही. सगळं लिहून झालं, आणि शेवटी मी माझ्या मनाने एक ओळ घातली. सौरपंपाला वेळेची अट नाही. त्याला धूर नाही, आवाज नाही, बिल नाही. अशा पंपाला अट कसली घालायची, उलट लोकांना तो लावावासा वाटला पाहिजे, असा माझा विचार. आम्हा उन्हाच्या भक्तांना तेव्हा वाटायचं, की जे उन्हावर चालतं ते आपोआप पुण्याचं असतं. ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. डिझेल विकणाऱ्याला ती सुचली नसती आणि विजेच्या खात्यातल्या कारकुनालाही नाही. ती करायला आमच्यासारखीच माणसं लागतात.

नियम ग्रामसभेत वाचले तेव्हा टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला वच्छलाबाई उभ्या राहिल्या.

"मॅडम, सूर्य तं दिवसभर राह्यते. मंग पाणीबी दिवसभरच उपसन का तो पंप?"

मी हसले. आजही ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हटलं, "वच्छलाबाई, सूर्य काही संपत नाही."

"सूर्य नाई संपत," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या. त्यांचं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं हे मला दिसलं होतं. मी ते विचारलं नाही, कारण पुढचा विषय घ्यायचा होता आणि शेवटची एसटी गाठायची होती.

त्याच महिन्यात मी शेतकऱ्यांसाठी सौरपंपाचं शिबिर घेतलं. नाना पहिल्या रांगेत, मांडीवर वही. सगळ्यात चांगले प्रश्न त्यांनीच विचारले. ढगाळ दिवशी किती पाणी येतं, धूळ बसली तर काय होतं, पॅनल दिवसातून तीनदा उन्हाच्या तोंडाला फिरवलं तर पाणी वाढतं का. मी हरखून गेले. असा शिष्य मला शाळेतही मिळाला नव्हता. स्टँडची कडी काढून पॅनल सकाळी पूर्वेला, दुपारी आडवं, तिसऱ्या प्रहरी पश्चिमेला कसं वळवायचं हे मी त्यांना स्वतः करून दाखवलं. त्यांनी कडी हातात घेतली, एकदा फिरवून पाहिली आणि मान डोलावली.

पुढच्या वर्षी नाल्याला लागून असलेल्या नानांच्या विहिरीवर तीन सौरपंप होते. एक त्यांच्या नावाचा, एक बायकोच्या, एक भावाच्या. बागेच्या डोक्यावर मोठं शेततळं खोदलेलं, त्यात प्लास्टिक अंथरलेलं. संत्र्याला आधी ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात, आणि मग भरपूर पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. नानांनी बागेला ताण दिला आणि पौषाच्या शेवटी पाणी सोडलं. झाडांना हवं होतं तेवढं झाडांना, बाकीचं शेततळ्यात. सूर्य उगवला की पंप सुरू, मावळला की बंद. पॅनलं न चुकता दिवसातून तीनदा फिरत होती. मी शिकवलेलं इतकं नीट दुसऱ्या कोणी अमलात आणलं नसेल.

माघात मी गेले तेव्हा नाल्यात वच्छलाबाईंच्या भाषेत घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं. भेगाळलेला गाळ होता आणि त्यात वाळून गेलेले खेकडे. खालच्या विहिरीत बादली सोडली की गढूळ पाणी आणि दगडांचा खडखडाट वर यायचा. वच्छलाबाईंची मेथी पिवळी पडून जमिनीला टेकली होती, सांबार बोटांत चुरडला तरी वास येत नव्हता. मी सांगतलं होतं तुमाले, एवढं जरी वच्छलाबाई म्हणाल्या असत्या, तरी मला रडता आलं असतं. त्यांनी मला बसायला पोतं अंथरलं आणि माझ्या आईची तब्येत विचारली.

तशीच तरातरा मी नानांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, संत्रं सोलून पुढे ठेवलं, आणि मी बोलून संपेपर्यंत मध्ये एक शब्द काढला नाही. मग मला पंपाच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीवर माझ्या अक्षरातला नियमांचा कागद लॅमिनेट करून लावलेला होता.

"मॅडम, मी तं तुमच्याच कागदावर चालून राह्यलो," नाना म्हणाले. "एक नियम मोडला असन तं सांगा, आत्ता पंप बंद करतो."

मी शेवटची ओळ वाचली. नियम एकही मोडलेला नव्हता. मी हातातली संत्र्याची फोड खाल्ली. ती गोड होती. त्या गोडीबद्दल मी नानांना अजून माफ केलेलं नाही.

आमच्या संस्थेचे सर म्हणाले, नकारात्मक होऊ नका. नानांची बाग आमची दाखवायची जागा झाली होती. पुण्या-मुंबईचे पाहुणे यायचे, त्यांना जीपमधून थेट तिथे नेलं जायचं, आणि समजावून सांगायला मी. एका फाल्गुनात असेच पाहुणे आलेले असताना मी पॅनलपाशी उभी राहून उन्हाने गाव कसं बदललं ते सांगत होते. बागेच्या नव्या तुकड्यात मजूर बायका खड्डे खणून संत्र्याची कलमं लावत होत्या. एक बाई कंबर सरळ करायला उभी राहिली, तर त्या वच्छलाबाई. भाजी गेली, मग पोटासाठी त्या नानांच्या मजुरीला लागल्या होत्या. ज्या नाल्यातला गाळ त्यांनी डोक्यावरून वाहिला, त्याच नाल्याचं पाणी घागरीने नानांच्या कलमांना घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसल्या आणि कलमाभोवतीची माती दाबू लागल्या. मी पाहुण्यांना पुढचं वाक्य सांगितलं. ते मी कसं सांगितलं कोण जाणे.

आमच्या क्षेत्रात सूड हा शब्द वापरत नाहीत. आमच्याकडे संवाद असतो, समन्वय असतो, फार तर पाठपुरावा असतो. मला सूड हवा होता. सरळ, साधा, डोळ्यांनी पाहता येईल असा. वच्छलाबाईंना त्यांचं पाणी परत मिळायला हवं होतं हे खरं, पण नुसतं तेवढ्याने माझं भागणार नव्हतं. नानांच्या हातून काहीतरी जायला हवं होतं, आणि ते जाताना त्यांनी पाहायला हवं होतं. शाळेत मुलांना खिचडी वाढतानासुद्धा माझ्या मनात हेच चालायचं.

पहिला प्रयत्न सांगायला आज लाज वाटत नाही. कोपऱ्यावरच्या सावलीने सगळं पॅनल सुस्त होतं, हे ज्ञान माझ्यापाशी होतंच. नानांच्या पॅनलांच्या दक्षिणेला सरकारी पडीक पट्टी होती. पावसाळ्यात तिथे मी वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेतला आणि हारीने शेवग्याची झाडं लावली. शेवगा भराभर वाढतो, आणि हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं. नारळ फोडायला खुद्द नाना आले, त्यांनी पर्यावरणावर चार शब्द सांगितले. महिनाभरात गावातल्या बकऱ्यांनी माझा सूड शेंड्यापासून बुडापर्यंत खाऊन टाकला.

मग मला माझंच शिक्षण आठवलं. मुलांना मी सांगायचे, आधी मोजा, मग बोला. मी वच्छलाबाईंकडे गेले आणि सभेत त्यांचं जे अर्धं वाक्य राहिलं होतं ते विचारलं. त्या म्हणाल्या, "सूर्य नाई संपत, पाणी संपते. एवढंच म्हणाचं होतं मले." मी त्यांचे हात धरले आणि माफी मागितली. त्यांनी हात सोडवून घेतले, म्हणाल्या, माफीनं विहीर भरते का, काय कराचं ते सांग.

आम्ही एका दोराला हातभर अंतरावर गाठी मारल्या. दर शनिवारी खालच्या विहिरीत दोर सोडायचा, एकदा सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी, एकदा सूर्य मावळल्यावर. किती गाठी ओल्या झाल्या ते मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गेरूने काढायचं. उगवत्या सूर्याखाली सकाळच्या गाठी, मावळत्याखाली संध्याकाळच्या. वच्छलाबाई आणि मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी मिळून ते करायच्या. कोणाचं नाव लिहिलं नाही, एक अक्षर लिहिलं नाही. दोन हंगामांत भिंत भरत गेली. येणारा-जाणारा पाहायचा, की दिवसा सूर्य आभाळात असतो तेव्हा विहीर खाली जाते, आणि रात्रीत जरा सावरते. वरच्या आळीतल्या बायकांनीही ती भिंत पाहिली, आणि आपला हातपंप अलीकडे दुपारी कोरडाच का खडखडतो ते त्यांचं त्यांना कळलं. भिंतीची बातमी सरांपर्यंत गेली. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की एक तर भिंत, नाहीतर नोकरी. मी पिशवी उचलली, सूर्यचूल माझी स्वतःची होती ती घेतली, आणि बाहेर पडले. आता मी एकटीच शाळांमधून ऊर्जेचा तास घेते. पॅनलच्या धड्याबरोबर विहिरीचाही धडा घेते.

गेल्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. म्हटलं, पाण्याच्या नियमांतली शेवटची ओळ मी लिहिली होती, ती चूक होती, ती काढा. सभेत चुळबुळ झाली. नाना पाणी समितीचे अध्यक्ष म्हणून समोरच्या खुर्चीत होते.

"तुमीच शिकवलं आन तुमीच पलटून राह्यल्या," ते मऊपणे म्हणाले. "लोकायनं कोणाचं ऐकावं मंग?"

"माझं ऐकू नका, नाना," मी म्हटलं. "भिंत पाहा."

मतं हात वर करून घेतली. खालच्या मोहल्ल्याचे सगळे हात वर गेले. मग वरच्या आळीतल्या बायकांचे, आधी एक, मग तिच्याकडे पाहून दुसरी, मग पुष्कळ. त्यांत नानांच्या भावजयीचाही हात होता, तो मी डोळे भरून पाहिला. नवा नियम झाला. माघापासून पाऊस येईस्तोवर सौरपंप दुपारी बारा वाजता बंद, शेततळं भरणं बंद. कोणीतरी मागून चेष्टेने विचारलं, की रोज बारा वाजता नानाच्या वावरात खटका पाडायला जाणार कोण. तो प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. वर्ध्याहून येताना एसटीत मी त्याचं उत्तर पाठ करत आले होते. मी म्हटलं, वच्छलाबाई जातील. त्या क्षणी नानांचा चेहरा पहिल्यांदा हलला. इतक्या वर्षांत मला इतकं गोड काही लागलं नव्हतं.

गेला उन्हाळा मी दुसऱ्या तालुक्यातल्या शाळांत होते. तिकडे बातम्या यायच्या. खालच्या विहिरीत चैतातही पाणी होतं, वच्छलाबाईंनी मजुरी सोडून पुन्हा भाजी लावली होती. आणि नानांच्या बागेतला मुरमाड उंचवट्यावरचा नवा तुकडा पिवळा पडत होता. पहिली बातमी ऐकून मला बरं वाटलं. दुसरी मी फोनवर दोनदा सांगायला लावली. त्या झाडांची वळलेली पानं एकदा डोळ्यांनी पाहायची, याच इच्छेने मी गेल्या आठवड्यात एसटीत बसले होते. नाकावर पदर धरून तो वास सोसला तो एवढ्यासाठी.

बाराच्या आधी मी बागेत पोचले. उंचवट्यावरची झाडं पाहिली. पानं मिटली होती, काही फांद्या वाळल्या होत्या, पण मला हवी होती तेवढी ती मेलेली नव्हती. पाटाने पाणी येत होतं आणि ओळीओळीत फिरत होतं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वच्छलाबाई आल्या. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत आनंद दिसला. आम्ही पंपाच्या खोलीच्या सावलीत बसलो. बारा वाजले. त्या उठल्या नाहीत.

"बारा वाजले," मी म्हटलं.

"मले दिसून राह्यलं."

सव्वाबारा झाले तरी त्या तशाच. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की हे आजचं नाही. गेल्या हंगामापासून रोज त्या अर्धा तास पंप चालू ठेवत होत्या. माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवून म्हटलं, की तुमच्या विहिरीचं पाणी आहे ते, नोकरी घालवली मी त्याच्यापायी, आणि तुम्ही ते नानांना देता?

"नानाले कोण देऊन राह्यलं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ह्या तुकड्यातले खड्डे मी खंदले. कलमं मी लावली. घागरीनं पाणी घालून जगवले हे झाडं. नानाचे असतीन ते कागदावर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन पाणी माह्यंच हाये ना आता, पोरी? मंग कोणाले द्याचं ते मी पाहीन."

त्यांचं पाणी त्यांना मिळावं म्हणून मी भांडले, आणि मिळाल्यावर ते माझ्या रागाच्या हुकमात वागावं असं मला वाटत होतं. हे कळलं, तरी राग गेला नाही. मी घड्याळाकडे पाहत बसून राहिले.

साडेबाराला नाना घरातून निघून आले. सुकलेले दिसत होते, दुपट्टा खांद्यावर तसाच टाकलेला. त्यांनी मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पाणी शेवटच्या ओळीच्या अलीकडे होतं, अजून तिथे पोचलं नव्हतं. ते थोडं अंतर ठेवून उभे राहिले.

"वच्छलाबाई, शेवटची ओळ राह्यली," ते म्हणाले. "पाच मिनिटं अजून राहू द्या ना."

इतक्या वर्षांत नानांना कोणाकडे काही मागताना मी पाहिलं नव्हतं. वच्छलाबाई उठल्या. त्यांनी शेवटच्या ओळीकडे पाहिलं, एकेका झाडावरून नजर फिरवली, आणि खोलीत जाऊन खटका खाली ओढला. पाटाच्या तोंडाशी पाणी बारीक झालं, मग थांबलं.

"उद्या त्याच ओळीपासून सुरू करीन मी," त्या म्हणाल्या.

दाखवायला नानांपाशी या वेळी कागद नव्हता. वच्छलाबाई डोक्यावर पदर घेऊन धुऱ्याने आपल्या भाजीकडे निघाल्या. मी त्यांच्या मागोमाग निघाले, आणि खोटं कशाला बोलू, नाना उभे होते तिकडे मागे वळून दोनदा पाहिलं.